मोठ्या गाडीचा नियम

शुक्रवारी अकराला आलेली बाई दोन वाजेपर्यंत दारात उभी होती, ही गोष्ट बटण्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तिसऱ्यांदा सांगत होता आणि तिसऱ्यांदाही सगळे हसत होते. गोष्ट सांगावी तर बटण्यानेच. घरातला धाकटा. चाळिशी उलटली, केस विरळ झाले, पण चौथ्या वर्षी सीटचं बटण गिळून त्याने घरादाराला दोन दिवस पळवलं होतं, तेव्हा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. बडबडही नाही.

"आत आली ती गॉगल लावून!" बटण्या म्हणाला. "वर्कशॉपमध्ये! जिथे आम्हाला भर दुपारी दिवा लावावा लागतो, तिथे बाईसाहेबांना ऊन लागतंय!"

"आणि गाडी?" आत्याने विचारलं. ती सकाळीच आली होती, तिला गोष्ट पहिल्यापासून हवी होती.

"गाडी म्हणजे काय, आत्या! करड्या रंगाची, आपल्या दारापासून पलीकडच्या खांबापर्यंत. मागे दोन सीटा, दोन्हींच्या मध्ये टेबल, टेबलात फ्रिज. आणि म्हणते काय, हे सगळं काढा आणि सपाट गादी करून द्या. आत्ताच्या आत्ता. वर म्हणते, हवे तेवढे जास्त देते."

"हे बोलायला नको होतं तिने," आप्पा म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

कारण नियमच होता तसा. खाली सीटांचं वर्कशॉप, वर घर. जिन्याच्या अठरा पायऱ्या चढून जी माणसं या घरात आली, जन्माने किंवा लग्नाने, त्या प्रत्येकाला तो पाठ होता. लहान गाडीवाला आला की खुर्ची, पाणी, चहा. मोठ्या गाडीवाला आला की उभा. नाही म्हणायचं नाही, नाही म्हटलं की माणूस निघून जातो. म्हणायचं, मशीन बंद पडलंय, अर्ध्या तासात सुरू होईल. अर्ध्या तासाने पुन्हा अर्धा तास. असे दोन तास तरी. आणि जो घाई करेल, पैशाचा तोरा दाखवेल, त्याला तीन. काम मात्र चोख करायचं, त्यात कसूर नाही. आप्पांच्या टाक्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

नियमामागची गोष्टही सगळ्यांना पाठ. आप्पा बाविशीत असताना एका पांढऱ्या लांबलचक गाडीचं कव्हर शिवून घेऊन गेले होते. मालकाने त्यांना फाटकाबाहेर उन्हात तीन तास उभं केलं, मग ड्रायव्हरकरवी कव्हर परत पाठवलं. हातात दिलं नाही, पायाशी टाकलं. ही गोष्ट दोन्ही सुनांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली होती, आणि दोघींनाही तेव्हा सासऱ्याची दया आली होती.

आज आप्पा कात्री, म्हणजे वर्कशॉपच, थोरल्या मुलाच्या हातात देणार होते. म्हणून तर आत्या आली होती, म्हणून जेवण होतं, आणि म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसाने इस्त्रीचा सदरा घातला होता. कात्री पुसून टेबलाच्या टोकाला ठेवली होती.

"पुढचं ऐका ना," बटण्या म्हणाला. "मी आत मशीनवर बसलेलो, एका शाळेच्या व्हॅनची कव्हरं शिवत. ती आत डोकावली की पाय थांबवायचो. मान बाहेर गेली की पुन्हा घर्रर्र! आणि दादा दारात उभा राहून तिला सांगतोय, 'काय करणार मॅडम, जुनं मशीन आहे!' काय तोंड केलं होतं दादाने! मला आत हसू आवरेना."

थोरला ताटातल्या भाताकडे बघून हसला. "आणि एवढं सगळं करून," तो म्हणाला, "व्हॅन आटपून सातला काम तयार झालं तर फोन. 'राहू द्या आता. रविवारी चारला गाडी न्यायला येते.' बघा! जीव तोडून गादी केली, कडा पाइपिंग लावून बांधल्या, आणि बाईचा विचार बदलला. या लोकांना दुसऱ्याच्या कष्टाचं काही आहे का?"

"असतं तर गाडी नसती," आप्पा म्हणाले.

थोरल्याची बायको भाजी वाढत होती. तीही हसली, पण जरा उशिरा. शुक्रवारी बाराच्या सुमाराला ती चहाचा ट्रे घेऊन खाली उतरली होती. ती बाई जिन्याच्या तोंडाशीच होती. ट्रे बघून ती बाजूला सरली, भिंतीला चिकटली, आणि म्हणाली, "सावकाश, पायरी ओली आहे." थोरलीने दोन कप आत नेले. एक नवऱ्याला, एक दिराला. येताना रिकामा ट्रे घेऊन ती पुन्हा त्याच बाईच्या शेजारून वर आली होती. एवढंच झालं होतं. पण त्यानंतर ते "सावकाश" तिला अधूनमधून ऐकू येत होतं, आणि का ते तिला कळत नव्हतं.

दार वाजलं आणि धाकटी आत आली. मागच्याच गल्लीतल्या हॉस्पिटलमध्ये ती नर्स. तिच्या जोडीदारणीने रजा टाकली होती, त्यामुळे शुक्रवार सकाळपासून ती तिथेच होती, मध्ये एकदा कपडे बदलायला आली तेवढीच.

"आलीस! बस, बस. तू नव्हतीस तेव्हा मजा झाली," बटण्या बायकोला म्हणाला. "एक गॉगलवाली बाई..."

"आधी जेवू दे तिला," थोरली म्हणाली.

"जेवता जेवता ऐकेल की!" आणि त्याने चौथ्यांदा सुरुवात केली.

धाकटीने हात धुतले, बसली, पहिला घास घेतला. दुसरा घेतला नाही.

"करडी गाडी?" तिने विचारलं.

"हो."

"मागे सपाट गादी करून हवी होती?"

"हो गं! म्हणजे बघ, झोपून प्रवास करायचा असेल राणीसाहेबांना!"

"किती वाजता आली होती ती?"

"अकरा."

"आणि काम किती वेळाचं होतं?"

बटण्याने दादाकडे पाहिलं. "दोन तासांचं," थोरला म्हणाला. "का?"

धाकटीने ताट पुढे सारलं. ती बोलली तेव्हा आवाज वॉर्डातला होता, हळू आणि सरळ.

"ती बाई रडत होती, म्हणून गॉगल होता. तिची आई माझ्या वॉर्डात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता चार-पाच दिवस, घरी न्यायचं तर आजच न्या. आजींना बसता येत नव्हतं. आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पाय ठेवणार नाही म्हणून हट्ट. त्यांचे यजमान अ‍ॅम्ब्युलन्समधून गेले ते परत आले नव्हते. 'लेकीच्या गाडीतून जाईन, नाहीतर इथेच राहीन.' सकाळी दहापासून मी त्यांचे केस विंचरून, नवीन कपडे घालून त्यांना तयार ठेवलं होतं. दर पाच मिनिटांनी विचारायच्या, 'सिस्टर, गाडी आली?' मी म्हणायचे, 'येतेय आजी, काम चालू आहे.'"

"मग?" आत्याने विचारलं.

"मग काय! लेक अडीचला परत आली ती नुसतीच. म्हणाली, मशीन बंद आहे, सातपर्यंत होईल. पाचला शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स सांगितली, आजींची समजूत घातली. पण तोवर श्वास लागला होता, डॉक्टर हलवू देईनात. साडेसहाला गेल्या."

भाताच्या भांड्यावरचं झाकण थोरलीच्या हातात तसंच राहिलं होतं. बटण्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून थोडं होतं. ते कसं काढायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि धाकटी नेमकी तिकडेच बघत होती.

*

पहिल्यांदा तोंड उघडलं ते बटण्यानेच.

"पण तिने सांगायला नको का? माणसाने सांगावं ना, असं असं आहे म्हणून! आपल्याला काय स्वप्न पडतं?"

"तेच की," थोरली घाईने म्हणाली. नवऱ्याच्या बाजूने बोललं पाहिजे, एवढंच तिला सुचलं. "सांगितलं असतं तर हे असे नाहीत. पहिलं तिचं काम केलं असतं."

थोरल्याला तो दिवस आठवत होता, आणि आठवायला नको असलेला भाग सगळ्यात स्वच्छ आठवत होता.

"सांगितलं होतं तिने," तो म्हणाला.

"काय?"

"आल्या आल्याच म्हणाली. आईला घरी न्यायचंय, झोपवून. मी ऐकलं." त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "ऐकलं, पण मला वाटलं, असेल काहीतरी. यांच्या आयांना झोपून फिरायची हौस असेल. आणि मग ती म्हणाली, जास्त देते. तेवढं मात्र मी नीट ऐकलं."

थोरलीने झाकण भांड्यावर ठेवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याकडे बघायला लाज वाटावी असं आजवर कधी झालं नव्हतं. त्याहून जास्त लाज तिला स्वतःची वाटत होती. दोन कप, एक रिकामा ट्रे.

"हे बघा," बटण्या म्हणाला, "आपण काही तिच्या आईला मारलं नाही."

"नाही," धाकटी म्हणाली. "त्या जाणारच होत्या. घरी जाणार होत्या, एवढाच फरक."

"आणि एवढी पैसेवाली बाई, तिला दुसरी गाडी मिळाली नसती? दुसरं वर्कशॉप मिळालं नसतं?"

"मिळालं असतं की. पण तुम्ही तिला जाऊ कुठे दिलंत? अर्धा तास, अर्धा तास करत धरून ठेवलंत. मला फोन यायचा तिचा, 'सिस्टर, आईला सांगा, अर्ध्या तासात होतंय, माणसं चांगली आहेत.' माणसं चांगली आहेत, म्हणाली! मला वाटलं, एवढी गाडी, कंपनीतच दिली असेल. आणि ती माझ्याच घरात उभी आहे! अहो, तुमच्या खोट्यासाठी मी एका मरत्या बाईला दिवसभर थापा मारल्या. माझं तोंड वापरलंत तुम्ही!"

बटण्या ताटातला भात बोटाने सारखा करत राहिला.

"चारला येणार आहे ना ती?" आत्याने घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजून गेले."

आणि मग घर दोन भागांत वाटलं गेलं, बघता बघता.

"सांगायचं काही नाही," बटण्या म्हणाला. "मशीन बंद होतं, संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी द्यायची, वाईट झालं म्हणायचं, हात जोडायचे."

"मलाही तेच वाटतं," थोरली म्हणाली, जावेकडे न बघता. "आता खरं सांगून तिची आई परत येणार आहे का? आत्ता ती समजून आहे की नशीब खोटं. उद्या तिला कळलं की कुणीतरी मुद्दाम... आयुष्यभर उरावर राहील तिच्या. आपलं ओझं उतरवायला तिच्या डोक्यावर कशाला ठेवायचं?"

हे बोलणं खोटं नव्हतं. धाकटीलाही ते लागलं.

"वहिनी, तुम्ही म्हणता ते तिच्यासाठी आहे की आपल्यासाठी?"

"मला नाही माहीत," थोरली म्हणाली आणि तिला रडू आलं.

थोरला दोघींच्या मध्ये बसला होता. वर्कशॉप आज त्याच्या नावावर होणार होतं. वीस वर्षं त्याला वाटायचं, आप्पांनी कात्री दिली की आपण खरे कारागीर झालो. आणि चार वाजता जी बाई येणार होती तिच्यासमोर आपल्याला उभं राहता येईल की नाही, हेच त्याला समजत नव्हतं. सांगितलं तर तोंड दाखवायला जागा नाही. नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर काहीच होणार नाही, कुणालाही कळणार नाही, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटत होती.

"पुरे!" आप्पांनी टेबलावर हात मारला. "अजून मी मालक आहे इथला. मशीन बंद होतं, आणि बंदच राहील. वाईट झालं, मान्य. म्हातारी बाई गेली, वाईट झालं. पण या लोकांपुढे माझा मुलगा मान खाली घालणार नाही. यांना काय कळतं उभं राहणं म्हणजे काय ते! तीन तास उन्हात उभं राहून बघा म्हणावं एकदा..."

"कोण उभं होतं उन्हात?" आत्या म्हणाली.

*

आत्याने हे ठरवून म्हटलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षं ती गोष्ट ऐकत आली होती. आधी भावाचं लग्न झालं तेव्हा, मग तिचं झालं तेव्हा, मग पोरं मोठी झाली तेव्हा. प्रत्येक वेळी ऊन थोडं वाढायचं. प्रत्येक वेळी तिने मान डोलवली होती. भाऊ होता, जाऊ दे. एका गोष्टीने कुणाचं काय बिघडतं? आज तिला कळलं होतं काय बिघडतं ते.

"काय म्हणालीस?" आप्पांनी विचारलं.

"दादा, मी होते तिथे. बारा वर्षांची. जमिनीवरचे दोरे वेचत होते."

"तू लहान होतीस. तुला काय आठवणार?"

"सगळं आठवतं. तू कुठे गेलाच नव्हतास. ते गृहस्थ स्वतः आले होते, इथे खाली. त्यांनी बाहेरून मागवलेलं चामडं तू उलटं कापलंस. डाव्या सीटचं माप उजव्या सीटला. दोन्ही तुकडे वाया. तू थरथर कापत होतास, बाबा मारतील म्हणून. आणि ते गृहस्थ बाकावर बसले, तुझ्या हातून पाणी घेतलं, आणि म्हणाले, 'होतं असं. शिकताना होतंच.' दुसरं चामडं त्यांनीच आणून दिलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, पहिलं असं का पडलंय, तेव्हा तू उन्हाची गोष्ट सांगितलीस."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटी ती सुरू झाली.

"आप्पा?" थोरला म्हणाला.

आप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला.

"बाबा पट्ट्याने मारायचे," ते शेवटी म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "म्हणून सांगितलं. एकदा सांगितलं की मग... सगळ्यांना ती आवडली रे. बाबा पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले. मग कशी परत घ्यायची?"

"पण मग त्या माणसाचा राग कशाला?" धाकटीने विचारलं. तिला खरंच समजत नव्हतं. "त्याने तर तुमचं भलंच केलं."

"शिव्या दिल्या असत्या त्याने तर विसरलो असतो मी." आप्पांनी चष्मा लावला नाही. "त्याने माफ केलं. माझ्याच वर्कशॉपात, माझ्याच बाकावर बसून. त्याच्या गाडीसारखी गाडी आली की मला तो बाक दिसायचा. वाटायचं, याला बसू द्यायचं नाही. बास. एवढंच वाटायचं."

थोरल्याला हसू येईल की काय असं वाटलं. शाळेतून आल्यापासून तो हा नियम पाळत आला होता. बापाच्या अपमानाचा बदला म्हणून. किती जण उभे केले असतील? त्यात किती जणांच्या गॉगलमागे काय असेल? त्याने कधी विचारलं नाही. गाडी बघितली की माणूस कळला, असं तो नव्या कारागिरांना शिकवायचा.

"माझं चुकलं," आप्पा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग त्यांनी कात्री थोरल्याकडे सरकवली. "घे बाबा. मला नको आता."

"असू दे," थोरला म्हणाला आणि उठला. "आधी तिच्या सीटा बसवतो."

"दादा, पण तिला सांगणार काय तू?" बटण्याने विचारलं.

थोरला दारापर्यंत पोचला होता. "बघू," तो म्हणाला, आणि ते "बघू" मशीनच्या अर्ध्या तासासारखंच निघालं म्हणून तो अजूनच ओशाळला.

*

चारला पाच मिनिटं असताना टॅक्सी आली. थोरल्याने दोन्ही सीटा, मधलं टेबल, सगळं परत बसवलं होतं. बटण्याही न बोलता खाली आला होता आणि पाने हातात देत होता. थोरली, धाकटी आणि आत्या जिन्यात. आप्पा सगळ्यात मागे, कठड्याला धरून.

बाई आत आली. गॉगल नव्हता. पन्नाशीची असेल. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले, साधी चप्पल. रस्त्यात दिसली असती तर कुणी वळून पाहिलं नसतं.

बटण्याने धावत खुर्ची आणली. फडक्याने पुसली. "बसा ना ताई. पाणी?"

"नको, थांबत नाही मी," ती म्हणाली. "घरात माणसं आहेत." मग तिला भिंतीशी उभी केलेली गादी दिसली. ती जवळ गेली. हात फिरवला. डोक्याकडची बाजू थोरल्याने जरा उंच केली होती, कडेला हाताला धरायला एक मऊ पट्टा शिवला होता. तो पट्टा तिने दोन बोटांत धरला.

"हे तुम्ही केलंत? मी सांगितलं नव्हतं."

"वळणावर आधार लागतो," थोरला म्हणाला.

"छान केलंय. आईला आवडलं असतं." ती थांबली. "आई गेली माझी. शुक्रवारीच."

"कळलं आम्हाला," धाकटी जिन्यातून म्हणाली, आणि बाईने वर पाहिलं.

"सिस्टर! तुम्ही इथे?"

"हे माझं घर."

"अरे देवा! आणि मला माहीतच नाही!" बाई चक्क जिन्यापाशी गेली, दोन पायऱ्या चढली आणि धाकटीचा हात हातात घेतला. "फार केलंत हो तुम्ही. शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होती." मग थोरल्याकडे वळली. "आणि तुम्हीही. त्या दिवशी मी फार घाई केली. जास्त देते, आत्ता करा, असलं काहीतरी बोलले. नंतर इतकी लाज वाटली मला! तुम्हाला वाटलं असेल, कोण ही माजलेली बाई. मशीन बंद पडलं तर तुमच्या हातात काय होतं? सुरू झालं ना ते?"

थोरलीने डोळे मिटून घेतले. धाकटीचा हात अजून त्या बाईच्या हातात होता, आणि तो सोडवून घ्यावा की नाही ते तिला कळत नव्हतं.

सुटका समोर होती. "हो, झालं" म्हटलं की झालं. बटण्या खुर्चीची पाठ धरून दादाकडे बघत होता. थोरल्याला ऐकू आलं की जिन्यात आप्पा काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला.

"मशीन बंद नव्हतं, ताई," थोरला म्हणाला.

"म्हणजे?"

"चालू होतं. सकाळपासून. तुम्ही आलात तेव्हाही."

तिला समजलं नाही. तिने मशीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि तो बघवत नव्हता.

"मग मी तीन तास का थांबले होते?"

काल विचारलं असतं तर त्याच्याकडे सांगायला पांढरी गाडी होती, फाटक होतं, ऊन होतं. आता तेही नव्हतं. त्याने शोधून पाहिलं. दुसरं काहीच सापडलं नाही.

"तुमची गाडी मोठी होती म्हणून."

धाकटीचा हात तिने सोडला. दोन पायऱ्या खाली उतरली आणि दारातून बाहेर, आपल्या गाडीकडे बघत राहिली, जणू ती आत्ताच पहिल्यांदा बघत होती.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

बटण्या रडत होता. मोठ्याने नाही, पण लपवतही नव्हता. थोरली जिन्यातून उतरून नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती बाईला म्हणाली, "मीही होते. मी पाहिलं होतं तुम्हाला." बाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली.

"माफ करा," थोरला म्हणाला. "म्हणजे, करू नका. मला फक्त..."

"एक वाजता निघालो असतो," ती मधेच म्हणाली. त्याला नव्हे, स्वतःलाच सांगत होती, सावकाश, एकेक तास मोजत. "दोनला घरी पोचलो असतो. अडीच धरा, वळणावर हळू चालवली असती. तिची खोली रस्त्याकडे आहे."

मग तिने भिंतीशी उभ्या गादीकडे एकदा पाहिलं.

"साडेपाचपर्यंत आई बोलत होती," ती म्हणाली, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.